तरुण पुरुषांतला थायरॉईड: तपासणी कोणत्या क्रमाने करायची

पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरमागे मला चौदा वर्षं झाली. थायरॉईडसाठी रक्त द्यायला येतात त्या बहुतेक बायका. त्यांचे नवरे येतात ते गाडीवरून सोडायला. त्यांतलाच एखादा नवरा वर्षा-दीड वर्षाने स्वतःसाठी येतो, तेव्हा त्याच्या फाईलमध्ये ईसीजी असतो, लिव्हरचा रिपोर्ट असतो, व्हिटॅमिन डी असतं, कुणाकुणाच्या तर टेस्टोस्टेरॉनचाही रिपोर्ट असतो. टीएसएच, म्हणजे मानेतल्या थायरॉईड ग्रंथीला काम करायचा हुकूम देणारा हॉर्मोन, तेवढा तपासलेला नसतो.

हा आजार बायकांमध्ये कितीतरी जास्त आढळतो, हे खरं आहे. म्हणूनच विशी-तिशीतल्या मुलाच्या बाबतीत तो कुणाला लवकर सुचत नाही. सुचला तरी मुलगा चुकीची तपासणी, चुकीच्या वेळी, चुकीच्या तयारीने करून घेतो आणि एका आकड्यावर गोळी सुरू होते. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम. डॉक्टरांच्या हातात बरोबर रिपोर्ट पडावा म्हणून आपण काय करायचं, एवढंच इथे सांगतो.

## पायरी १: लॅब गाठण्याआधी दोन आठवड्यांची नोंद

साधी वही घ्या. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची, बँडच्या आकड्यावर विसंबायचं नाही. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन. शौचाला दिवसातून किती वेळा जावं लागतं आणि झोप कशी लागते, तेही लिहा.

थायरॉईड मंदावलेला असेल तर सगळंच हळू होतं. सगळ्यांना उकडत असताना तुम्ही पंखा पाचवरून दोनवर आणता. पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. आवाज घोगरा होतो आणि फोनवर आई विचारते, ‘सर्दी झाली का रे?’ पोटऱ्यांत गोळे येतात. मन मरगळलेलं राहतं आणि त्यावर घरातले ‘आळशी झालाय’ असा शिक्का मारून मोकळे होतात.

जास्त चालणाऱ्या थायरॉईडमध्ये याच्या उलट. जेवण दुप्पट आणि वजन मात्र उतरतं. बसल्या जागी धडधड, घाम, दिवसातून तीन-चार वेळा शौच, उगाच चिडचिड. हात पुढे करून त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवला की तो थरथरताना दिसतो. मांड्यांमधलं बळ जातं. उकिडवं बसून हात न टेकता उठायला जमत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे लवकर कळतं, कारण १६०० मीटरची वेळ सरावाने सुधारायच्या ऐवजी बिघडत जाते.

पुरुषांच्या काही तक्रारी फॉर्मवर कोणी लिहीत नाही. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, वीर्यपतन फार लवकर किंवा फार उशिरा होणं, छातीला एका किंवा दोन्ही बाजूंनी गाठीसारखी सूज येणं. थायरॉईड दोन्ही दिशांनी बिघडला तरी यातलं काही ना काही होऊ शकतं. मूल होत नाही म्हणून वीर्यतपासणी केली आणि थायरॉईड बघितलाच नाही, अशा फायली मी बऱ्याच पाहिल्या आहेत. डॉक्टरांना हे तोंडाने सांगा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

नेहमीची चूक: वीस किलो वजन वाढलं आणि दोष थायरॉईडला दिला. मंद थायरॉईडने वजन वाढतं ते सहसा थोड्या किलोंनी, आणि त्यातही बरंचसं साचलेलं पाणी असतं. बाकीच्या किलोंचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

तपासून घ्या: नियमित धावणाऱ्या माणसाची नाडी ५० असू शकते, तो आजार नाही. पण झोपून उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, नाडी रोज ९५-१०० च्या घरात असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

आता आरसा. मान थोडी मागे करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठाच्या खालचा भाग बघा. गिळताना एखादा फुगवटा वरखाली होताना दिसला, तर पुढच्या कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता तो डॉक्टरांना दाखवायचा. कारण पायरी ७ मध्ये येईल.

## पायरी २: आधी धोक्याच्या खुणा ओळखा

ही पायरी लोक गाळतात. तरुण पुरुषांच्या बाबतीत मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

लग्नाचं जेवण झालं, जिलेबीवर ताव मारला, रात्री गाढ झोप लागली. किंवा दिवसभर कबड्डीचे सामने खेळून मुलगा आडवा झाला. पहाटे जाग येते तेव्हा पाय हलत नाहीत. शुद्ध आहे, बोलता येतं, पायाला स्पर्श कळतो, पण मांड्यांत बळ नाही. घरातल्यांना वाटतं अशक्तपणा, नाहीतर लकवा.

थायरॉईड जास्त चालणाऱ्या काही माणसांमध्ये रक्तातलं पोटॅशियम एकाएकी स्नायूंच्या पेशींमध्ये ओढलं जातं आणि स्नायू लुळे पडतात. हा प्रकार आशियाई वंशाच्या पुरुषांमध्ये जास्त दिसतो, आणि तोही साधारण २० ते ४० या वयात. फसवं असं की अनेकांना आधी थायरॉईडची ठळक लक्षणं नसतात. हा झटका हीच पहिली खूण असते.

सावधान: अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात ‘ताकदीची बाटली’ लावून घेऊ नका. ग्लुकोजचं सलाईन गेलं की शरीरात इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन आणखी पोटॅशियम पेशींत ढकलतं आणि लुळेपणा वाढू शकतो. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचा ताल बिघडतो. ईसीजी आणि पोटॅशियमची तातडीची तपासणी होईल अशाच रुग्णालयात न्या. पोहोचल्यावर ‘थायरॉईडपण बघा’ एवढं वाक्य नातेवाइकाने म्हणायचं. पोटॅशियमही घरच्या घरी पाजायचं नाही. झटका ओसरताना ते पेशींतून परत रक्तात येतं आणि पातळी धोकादायक वर जाऊ शकते.

नाडी अनियमित, सोबत धाप किंवा छातीत दुखणं. ताप, घाम आणि बरळणं. डोळे बाहेर आल्यासारखे होऊन दुखणं किंवा दृष्टी धूसर होणं. यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लॅबचा नंबर नंतर लागला तरी चालतो.

## पायरी ३: गोळ्या, पावडरी आणि इंजेक्शनांची यादी

आम्ही विचारतो, ‘काही औषध चालू आहे का?’ मुलगा म्हणतो, ‘नाही.’ मग मी विचारतो, ‘केसांसाठी काही?’ तेव्हा खिशातून गमीचं पाकीट निघतं.

केसगळतीच्या गोळ्या-गमींमध्ये बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, बरेचदा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. थायरॉईड मोजणाऱ्या बऱ्याच मशीनची रासायनिक पद्धत बायोटिनच्याच जोडणीवर चालते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी येतो आणि फ्री टी४ (थायरॉईडच्या टी४ हॉर्मोनचा रक्तातल्या प्रथिनाला न चिकटलेला, मोकळा भाग) खोटा जास्त येतो. म्हणजे ठणठणीत माणसाचा रिपोर्ट ‘थायरॉईड जास्त’ असं बोलतो. अशा मशीनवर ग्रेव्हज आजाराची (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला जास्त चालवते तो) अँटिबॉडीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग तीन रिपोर्ट एकमेकांना दुजोरा देतात आणि तिन्ही चुकीचे असतात. वर केस गळणं हे थायरॉईडचंही लक्षण! त्यामुळे ज्याला तपासणीची गरज आहे, नेमका तोच बायोटिन घेत असतो.

या गोळ्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद हव्यात. मी तीन सांगतो, कारण ‘काल रात्री एकच घेतली’ म्हणणारे फार. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही बायोटिनचा आकडा वाचा. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी याहून मोठा डोस दिला असेल तर किती दिवस थांबायचं ते त्यांनाच विचारा.

यादीत पुढे जिम. अनाबॉलिक स्टेरॉईडची इंजेक्शनं घेतली की थायरॉईडचे हॉर्मोन रक्तात वाहून नेणारं प्रथिन कमी होतं. मग एकूण टी४ कमी दिसतो, पण टीएसएच आणि फ्री टी४ जागेवर असतात. ग्रंथीला काही झालेलं नसतं. वजन उतरवणाऱ्या काही पावडरी-गोळ्यांत थायरॉईडचा हॉर्मोनच मिसळलेला सापडलेला आहे, आणि शरीर ‘कापायला’ म्हणून टी३, म्हणजे थायरॉईडच्याच दुसऱ्या हॉर्मोनच्या, गोळ्या घेणारेही आहेत. हे आम्हाला नाही सांगितलं तरी डॉक्टरांना सांगा. नाहीतर धडधाकट ग्रंथीचा इलाज सुरू होईल.

खऱ्या औषधांमध्ये लिथियम (मानसिक आजाराचं), अमिओडॅरोन (हृदयाच्या तालाचं) आणि स्टेरॉईडच्या गोळ्या महत्त्वाच्या. ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, फक्त यादीत लिहायची. गेल्या दोन-तीन महिन्यांत रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर तोही लिहा, त्यात आयोडीन असतं.

## पायरी ४: तपासणी पुढे कधी ढकलायची

डेंगी किंवा टायफॉइडमधून उठून चार दिवस झाले, अंगात त्राण नाही, म्हणून थायरॉईड करून घ्यायला येणारे पावसाळ्यात पुष्कळ असतात. मोठ्या आजारात शरीर हे हॉर्मोन मुद्दाम खाली आणतं आणि बरं होताना टीएसएच काही काळ वर चढतो. त्या चढत्या आकड्यावर गोळी लागली की ती सुटता सुटत नाही. ताप गेल्यावर सहा आठवडे थांबा. डॉक्टरांना खास संशय असेल तर गोष्ट वेगळी. नवरात्राचे नऊ दिवसांचे कडक उपवास किंवा एकवेळचं डाएट चालू असेल तर टी३ कमी दिसेल, तेही संपू द्या.

रात्रपाळीवाल्यांनी जागरण करून थेट गेटवरून लॅबला येऊ नये. टीएसएच रात्री चढतो आणि झोप त्याला आवरते. झोपच झाली नाही तर आकडा फुगतो. साप्ताहिक सुटीला जोडून, रात्री नीट झोपून मग या.

## पायरी ५: कोणती तपासणी लिहून घ्यायची

टीएसएच आणि फ्री टी४. पहिल्या फेरीला एवढ्या दोन पुरेत.

‘थायरॉईड प्रोफाइल’ म्हणून जे सर्रास होतं त्यात टी३, टी४ आणि टीएसएच असतात, आणि यातले टी३-टी४ म्हणजे एकूण. वाहक प्रथिन वरखाली झालं की हे आकडे डोलतात. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्येही हेच असतं. म्हणून काउंटरवर ‘फ्री’ हा शब्द उच्चारा आणि पावतीवर छापला गेला का ते बघा.

एकटा टीएसएच केला तर? बहुतेकांना चालून जातं. पण टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. तीच बिघडली तर टीएसएच मर्यादेत दिसतो आणि फ्री टी४ कमी असतो. डोकेदुखी, बाजूचं कमी दिसणं, इच्छा पूर्ण आटणं, दाढी विरळ होणं अशा तक्रारी असतील तर एकट्या टीएसएचवर थांबूच नका.

नेहमीची चूक: थकवा आला म्हणून आधी टेस्टोस्टेरॉन. मंद थायरॉईडमध्ये टेस्टोस्टेरॉन वाहणारं प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसू शकतं. जास्त चालणाऱ्या थायरॉईडमध्ये उलट. क्रम उलटा लागला तर मुलगा टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनवर जातो आणि त्याने वीर्यातले शुक्राणूच बंद पडू शकतात. तसंच लिव्हरच्या रिपोर्टमधलं एसजीओटी वाढलं म्हणून लिव्हरचं औषध घेत बसणारे. मंद थायरॉईडमध्ये स्नायूंतून एसजीओटी आणि सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) दोन्ही वाढतात. कोलेस्टेरॉलही चढतं. तिशीच्या आत कोलेस्टेरॉल चढलेलं आढळलं तर गोळी सुरू होण्याआधी टीएसएच बघून घ्या.

थकव्याची बाकी कारणंही त्याच दिवशी बघता येतील: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, बी१२. शाकाहारी मुलांमध्ये बी१२ ची कमतरता बऱ्याचदा थायरॉईडच्या आधी सापडते.

## पायरी ६: रक्त देण्याचा दिवस

सकाळी ७ ते ९. टीएसएच रात्री उशिरा आणि पहाटे वर असतो, दुपारी तळाला जातो, नाश्त्यानंतरही थोडा उतरतो. सकाळच्या रक्तात मर्यादेबाहेर, म्हणजे ५ च्या पुढे, गेलेला टीएसएचचा आकडा दुपारी मर्यादेत दिसू शकतो. उपाशीपोटी आलंच पाहिजे असा नियम नाही, पण पहिला रिपोर्ट उपाशीपोटी सकाळी ८ चा आणि दुसरा जेवून दुपारी ३ चा असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एकच लॅब, एकच वेळ, एकच पोट. पाणी प्या, शीर सापडायला बरं पडतं.

घरी रक्त घ्यायला माणूस येणार असेल तर तो ११ वाजता उगवतो, हा अनुभव सगळ्यांचा. वेळ पावतीवर लिहून घ्या.

## पायरी ७: रिपोर्ट हातात आल्यावर

आधी नाव, वय आणि नमुना घेतल्याची वेळ तपासा. हसू नका, एकाच आडनावाच्या दोन भावांचे रिपोर्ट उलटसुलट गेलेले मी पाहिलेत.

टीएसएचची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ असते. तुमच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच धरायची. आखातात किंवा युरोपात नोकरीला असलेल्यांचा फ्री टी४ वेगळ्या एककात येतो. आपल्याकडचा १ म्हणजे तिकडचा जवळपास १३. भावाने दुबईहून पाठवलेला १५ बघून घरात घबराट नको.

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी: थायरॉईड मंद आहे, डॉक्टर गोळी सुरू करतील. टीएसएच वाढलेला पण १० च्या आत आणि फ्री टी४ बरोबर: इथेच सगळी घाई होते. असा आकडा बऱ्याचदा आपोआप खाली येतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, त्या वेळी अँटी-टीपीओ (थायरॉईडवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीची खूण) ही अँटिबॉडी जोडा. ती पॉझिटिव्ह असेल तर पुढे आजार होण्याची शक्यता जास्त. टीएसएच १० च्या पुढे असेल आणि दुसऱ्यांदाही तिथेच राहिला, तर औषधाकडे कल असतो.

टीएसएच कमी आणि फ्री टी४ जास्त: ग्रंथी जास्त चालते आहे, किंवा सुजून साठवलेला हॉर्मोन गळतो आहे. हा फरक कळल्याशिवाय गोळी सुरू करणं चूक, कारण सुजेच्या प्रकारात ग्रंथी रोखणाऱ्या गोळीचा उपयोग नसतो. तो त्रास आठवड्यांनी आपण होऊन ओसरतो आणि मध्ये काही काळ थायरॉईड मंदही होतो. सर्दी-तापानंतर गळ्याच्या पुढे दुखत असेल, दुखणं कानापर्यंत जात असेल, तर सुजेचा संशय. फरक ओळखायला टीआरएबी (ग्रेव्हजची अँटिबॉडी) किंवा टेक्निशियमचा, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला, ग्रंथीचा स्कॅन लागतो. टीएसएच कमी आणि फ्री टी४ मर्यादेत असेल तर टी३ बघायचा. काहींमध्ये तोच एकटा वाढतो.

टीएसएच कमी किंवा मर्यादेत आणि फ्री टी४ कमी: पिट्युटरीचा प्रश्न असू शकतो. थेट एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टर गाठा.

सावधान: टीएसएच उत्तम आला म्हणजे मानेची गाठ निर्धोक ठरत नाही. थायरॉईडच्या कर्करोगात हे आकडे सहसा बरोबरच असतात, आणि पुरुषाच्या मानेतली गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता बाईच्या गाठीपेक्षा जास्त धरली जाते. गाठ लागली तर सोनोग्राफी करायचीच. उलट, गाठ नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून मानेची सोनोग्राफी करू नका. निरुपद्रवी बारीक गाठी बऱ्याच जणांना असतात आणि त्या दिसल्या की झोप उडते.

## पायरी ८: गोळी सुरू झाली तर

मंद थायरॉईडची गोळी, लिव्होथायरॉक्सिन, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासाने. आमच्याकडे येणाऱ्या ‘गोळी घेतो तरी आकडा उतरत नाही’वाल्यांपैकी कितीतरी जण गोळी चहाबरोबरच घेत असतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. या हॉर्मोनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच करणं म्हणजे पैसे फुकट. तपासणीच्या सकाळी गोळी खिशात ठेवा, आधी रक्त द्या, मग घ्या.

मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर आकडे जागेवर आल्यावर वीर्यतपासणीला तीन महिने थांबा. नवे शुक्राणू तयार व्हायला जवळपास तेवढा काळ लागतो.

आणि जास्त चालणाऱ्या थायरॉईडला रोखणारी कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल ही गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला, तोंडात फोड आले, तर ते साधं दुखणं समजून काढा पीत बसू नका. क्वचित या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. गोळी थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी द्या. लॅबमध्ये सांगा, ‘थायरॉईडच्या गोळीवर आहे, ताप आहे, रिपोर्ट तातडीने हवा.’ तुमची नळी रांगेत पुढे घेतली जाईल.